लिंबाखालची यादी

छावणीच्या फाटकात पारूबाई बसायची आणि तिचा एकच प्रश्न असायचा. जनावर समोर आलं की ती पेंढीवर हात ठेवून विचारायची, "कुणाचं हाय?" मालकानं सगळ्यांना ऐकू जाईल असं "माझं" म्हणायचं, मगच पेंढी पुढं सरकायची. रोज तीच जनावरं, तीच माणसं, पण प्रश्न काही चुकत नव्हता. दूध सोसायटीचे चेअरमन आप्पाराव एकदा वैतागून म्हणाले, "पारूबाई, माझी गाय तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय की. तरी सांगा."

चेअरमननी मुकाट सांगितलं.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा होता. वडवणीपासून दोन-तीन कोसांवरच्या त्या गावात विहिरींनी कधीच हात टेकले होते आणि सोसायटीच्या दूध संकलनाच्या खोलीत कॅनपेक्षा चिमण्या जास्त झाल्या होत्या. म्हणून सोसायटीनंच मागच्या माळावर चारा छावणी उघडली. चारशे एकतीस जनावरं दावणीला आली. पहिले दोन महिने त्यांची हजेरी वहीत लागत होती. मग वरून फर्मान आलं, की प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा पिवळा बिल्ला मारा, तो रोज सकाळी यंत्रानं वाचा आणि दहाच्या आत यादी कॉम्प्युटरवरून पाठवा. तीन दिवस यादी चुकली तर छावणीची मंजुरी रद्द.

तेव्हा आप्पारावांना पारूबाईची लेक आठवली. शिवकन्या. ती बीडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आली होती आणि नोकरीचे अर्ज पाठवून पाठवून कंटाळली होती. वडील बन्सी सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, आई फाटकात, आणि आता लेक पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपसमोर. अख्खं घरच छावणीत लागलं म्हणून गावात थोडी कुजबुज झाली, पण प्रोग्रॅम लिहिता येणारं दुसरं कुणी गावात नव्हतं, त्यामुळं कुजबुज फार लांब गेली नाही.

शिवकन्येनं आठ दिवसांत प्रोग्रॅम लिहिला. आता तिच्या स्वभावाचं थोडं सांगायला हवं. ही मुलगी लहानपणी वहीच्या पानावर एक शब्द चुकला तर अख्खं पान फाडायची, आणि तिच्या वह्या दिवाळीपर्यंत पुठ्ठ्यावर यायच्या. प्रोग्रॅमही तिनं तसाच लिहिला होता. अगदी सोवळ्यातला. चारशे एकतीस नोंदी झाल्या तरच सगळ्या एकदम साठवायच्या. मध्ये एक जरी नोंद बिघडली तर लाल चौकट यायची, 'एरर', आणि प्रोग्रॅम बंद. झालेल्या नोंदीही पुसल्या जायच्या. चुकीची यादी जाण्यापेक्षा यादीच न गेलेली बरी, असं तिचं ठाम मत होतं. आप्पारावांना तिनं छातीला हात लावून सांगितलं होतं, "आप्पा, यातून चूक जाणारच नाही."

ते खरंच होतं म्हणा. यातून काहीच जाणार नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला रांग लागली. बिल्ले वाचायच्या यंत्रावर धर्मराज होता. पन्नाशीचा, सोसायटीचा जुना शिपाई. त्याला ते पिस्तुलासारखं यंत्र इतकं आवडलं होतं, की तो ते कमरेला खोचूनच फिरायचा. एकेका कानावर तो नेम धरी, टुंई वाजे, आणि आत पडद्यावर नंबर उमटे. तीनशे चाळीस जनावरं झाली. नऊ वाजले. शिवकन्येनं चहा मागवला. तेवढ्यात आश्रुबाचे दोन बैल आले, गुलब्या आणि पोपट्या. गुलब्याचा नंबर उमटला. पोपट्याचाही उमटला, आणि तो गुलब्याचाच होता.

लाल चौकट. सगळं बंद. तीनशे चाळीस जनावरं पुसली गेली.

शिवकन्या धावत बाहेर आली. आश्रुबा शांतपणे तंबाखू मळत उभा होता. त्याला दोन बैलांचे दोन बिल्ले मिळाले होते. प्रत्येक बिल्ल्याला दोन पाकळ्या असतात, एक कानाच्या पुढं, एक मागं, दोन्हीवर तोच नंबर. आश्रुबानं एका बिल्ल्याच्या पाकळ्या सोडवून एक गुलब्याच्या आणि एक पोपट्याच्या कानात तारेनं बसवली होती. दुसरा बिल्ला घरी ट्रंकेत जपून ठेवला होता.

"आश्रुबा काका, असं कावून केलं?" शिवकन्या रडकुंडीला आली होती, त्यामुळं डिप्लोमातली शुद्ध भाषा गळून पडली.

"जोडी हाय बाई ही," आश्रुबा समजावणीच्या सुरात म्हणाला. "जू एक, पोळ्याला निवद एका ताटात. मग नंबर दोन कावून? उगं नासाडी."

 रांग पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली. पण एकदा खाऊन आलेली जनावरं पुन्हा रांगेत का राहतील? म्हशी डबक्याच्या आठवणीनं भलतीकडंच चालू लागल्या, आप्पारावांची गाय पत्र्याच्या खोलीत शिरून आप्पारावांच्याच खुर्चीवरचा टॉवेल चघळू लागली, आणि दहा वाजून गेले.

दुसऱ्या दिवशी दोनशे बारावर बंद पडलं. मनकर्णाच्या म्हशीचा बिल्ला निम्मा तुटला होता आणि बारा आकड्यांतले सातच आकडे उरले होते. मनकर्णा विधवा बाई, एकटी राहायची, त्या म्हशीशी दिवसभर बोलायची. ती इतकी घाबरली, की हात जोडून लॅपटॉपचीच माफी मागू लागली.

दोन दिवस गेले. उरला एक.

दुपारी आप्पाराव खोलीत आले आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले. रागावले असते तर शिवकन्येला बरं वाटलं असतं. "पोरी," ते म्हणाले, "उद्या ह्यो येरर आला तर परवा मी लोकास्नी जनावरं घरी न्या म्हणून सांगणार. घरी न्हेऊन ते काय घालणार, ते तुलाबी ठावं हाय." एवढं बोलून ते गेले. शिवकन्येला इतकी लाज वाटली, की तिनं लॅपटॉप बंद केला, पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद केला. चारशे एकतीस जनावरं आपल्या एका लाल चौकटीत अडकलीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आधी तिला वाटलं, चूक आली तर प्रोग्रॅमला गप्प बसायला सांगावं. बघू नकोस, बोलू नकोस, पुढं चल. एका ओळीचं काम होतं. बोटं चालूही लागली.

पण ओळ पुरी होताच तिनं हात काढून घेतला. ती उठून फाटकात आईशेजारी जाऊन बसली.

संध्याकाळच्या पेंढ्या चालू होत्या. "कुणाचं हाय?" "माझं." "कुणाचं हाय?" "माझं." मध्येच एका कालवडीला दोघं मालक निघाले. दोन भाऊ, वाटणीवरून भांडलेले. एक म्हणे माझी, दुसरा म्हणे माझी. शिवकन्येचे डोळे आपोआप लाल चौकट शोधू लागले. पारूबाईनं मात्र पेंढी उचलली, कालवडीसमोर धरली आणि तिला बाजूच्या कडुलिंबाकडं वळवलं. "लिंबाखाली घ्या. मागून बघू. पुढलं?" आणि रांग चालूच राहिली. मग बिनकासऱ्याची म्हैस आली, लिंबाखाली. पाय दुखावलेली गाय आली, लिंबाखाली. प्रत्येक वेळी पारूबाई पदराच्या टोकाला एक गाठ मारायची. रांग संपल्यावर ती उठली, लिंबाखाली गेली आणि एकेक गाठ सोडवत एकेका जनावराचं भांडण मिटवू लागली. भावांना दम दिला, म्हशीला कासरा दिला, गायीच्या पायाला हळद.

शेवटची गाठ उरली. लिंबाच्या बुडाशी एक काळं रेडकू उभं होतं. नर. छावणी उघडली तेव्हापासून कुणाच्या तरी मागून आपलं आपण आत यायचं. टोणगा कुणाला हवा असतो? दूध नाही, काम नाही, वर खायला मात्र लागतं. "कुणाचं हाय?" म्हटलं की रांग इकडंतिकडं बघायची. कुणीतरी रात्रीत सोडून दिलं असणार आणि तो माणूस बहुतेक रांगेतच होता. पारूबाई रोज त्याला लिंबाखाली पेंढी टाकायची आणि ती गाठ तशीच ठेवून घरी यायची.

"माय," शिवकन्या म्हणाली, "ज्यात घोळ हाय ते जनावर तू सरळ हाकलून कावून देत न्हाईस? रांग तरीबी चालंल की."

पारूबाईनं तिच्याकडं असं बघितलं, जणू लेकीला ऊन लागलंय. "हाकललेलं कुठं ध्यानात ऱ्हातं बाई? बाजूला उभं केलेलं ऱ्हातं."

शिवकन्या ताडकन उठली. पत्र्याच्या खोलीत आली आणि ती मघाची गप्प बसवणारी ओळ पुसून टाकली. चूक आली की थांबायचं नाही, आणि गिळायचीही नाही. नंबर लिहून घ्यायचा, कारण लिहून घ्यायचं, वेगळ्या यादीत उभं करायचं आणि पुढच्या जनावराकडं वळायचं. प्रत्येक नोंद झाली की तिथंच साठवायची, म्हणजे मागचं काही पुसलं जाणार नाही. आणि वरच्या सर्व्हरनं दार उघडलं नाही तर यादी जपून ठेवायची, मिनिटा-मिनिटानं पुन्हा दार वाजवायचं. त्या वेगळ्या यादीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा तिला दुसरं काही सुचलंच नाही. 'लिंबाखाली', असं तिनं टंकलं आणि एकटीच हसली. बन्सी जेवायला हाक मारायला आला तोवर काम झालं होतं. तिला लहानपणी फाडलेली सगळी पानं आठवली, आणि त्यांचं जरा वाईटही वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाव नुसतं जनावरं घेऊन आलं नाही, तर बघायला आलं. धर्मराजनं यंत्र पुसून चकाचक केलं होतं. टुंई, टुंई, टुंई. आश्रुबा बैलांना एकाच बिल्ल्यावर घेऊन आला, कारण ट्रंकेची किल्ली माहेरी गेलेल्या बायकोपाशी होती. गुलब्या गेला. पोपट्या आला. शिवकन्येनं डोळे मिटले.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'हा नंबर आधी येऊन गेला आहे. लिंबाखाली उभं केलं. पुढचं जनावर पाठवा.'

ती खिडकीतून ओरडली, "पोपट्या लिंबाखाली! पुढलं?"

आणि पुढलं आलं. मग त्याच्या पुढलं. बाहेर रांगेत हळूहळू खसखस पिकू लागली. मनकर्णाच्या म्हशीचे सातच आकडे, लिंबाखाली. कुणाच्या तरी शेळीच्या गळ्यात जुन्या मेलेल्या गायीचा बिल्ला दागिना म्हणून बांधलेला निघाला. शेळी लिंबाखाली, आणि मालकीण भामाबाई तिच्यामागं लाजत लिंबाखाली. एकदा तर धर्मराज शिंकला, नेम चुकला आणि यंत्रानं त्याच्याच खिशातल्या बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड वाचला. प्रोग्रॅम क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला: 'असं जनावर आपल्या छावणीत नाही. लिंबाखाली उभं केलं.' शिवकन्येनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक पोट धरून हसले, आणि धर्मराजला खरोखर पुडा नेऊन लिंबाखाली ठेवायला लावला. तिथं त्या काळ्या रेडकानं तो कागदासकट खाल्ला. पुडा निकालात निघाला, नोंद मात्र यादीत राहिली.

दोन महिन्यांत त्या माळावर कुणी असं हसलं नव्हतं. रेडकाचा नंबर आला तेव्हा कानात बिल्लाच नव्हता. पारूबाईनं विचारलं, "कुणाचं हाय?" हसणं तेवढ्यापुरतं थांबलं. मग तेही लिंबाखाली गेलं. म्हणजे तिथंच होतं, फक्त वळून आलं.

पावणेदहाला चारशे एकतिसावं जनावर झालं. शिवकन्येनं यादी पाठवायचं बटण दाबलं.

'सर्व्हर सापडत नाही. यादी जपून ठेवली आहे. एका मिनिटानं पुन्हा विचारते.'

मोबाइलची रेंजच गेली होती. आप्पाराव मोबाइल डोक्यावर धरून माळभर फिरू लागले. दहाला अकरा मिनिटं होती. बन्सीनं टँकरचा भोंगा वाजवला. "शिवे, बस वर. टेकाडावर रेंज असती." ती लॅपटॉप छातीशी धरून केबिनमध्ये चढली, आणि टँकरमध्ये पाणी असल्यामुळं बन्सीला जोरात घेता येईना. आप्पाराव, धर्मराज, आश्रुबा आणि निम्मं गाव टँकरच्या मागं पळत सुटलं. दर मिनिटाला शिवकन्या खिडकीतून ओरडायची, "पुन्हा विचारलं!" आणि मागून आवाज यायचा, "काय म्हणतंय?" "न्हाई म्हणतंय!" पण प्रोग्रॅम बंद पडला नाही. अकरा वेळा नकार ऐकून त्यानं बाराव्यांदा तितक्याच शांतपणे दार वाजवलं. टेकाडाच्या माथ्यावर, दहाला चार मिनिटं कमी असताना, पडद्यावर आलं: 'यादी पोहोचली. चारशे सव्वीस जमा. लिंबाखाली सात. तेवढी आज मिटवा.'

शिवकन्येनं वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. बन्सी भोंगा वाजवत राहिला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना. आप्पाराव धापा टाकत वर आले, टँकरच्या मागच्या नळाला तोंड लावून पाणी प्याले आणि म्हणाले, "चारशे सव्वीस आन् सात म्हंजी जास्तीच झालं की."

"एक शेळी हाय, एक बिस्कीट हाय," शिवकन्या डोळे पुसत म्हणाली.

दुपारी तपासणीचे साहेब जीपनं आले. त्यांच्याजवळ छापील यादी होती आणि तिच्यातल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं होतं. "हे लिंबाखाली म्हणजे कोणतं खातं?" शिवकन्येनं त्यांना नेऊन लिंबच दाखवला. साहेब सावलीत खुर्ची टाकून बसले, आणि एकेक नोंद मिटायला लागली. आश्रुबाच्या बायकोनं किल्ली धाडली होती, पोपट्याला स्वतःचा नंबर मिळाला. मनकर्णाच्या म्हशीला नवा बिल्ला मिळाला, त्यावर तिनं लगेच काजळाची तीट लावली. एक म्हैस आणि एक गोऱ्हा शेजाऱ्यांत अदलाबदल होऊन आले होते, ते परतले. शेळी आणि बिस्कीट साहेबांनी स्वतःच्या हातानं खोडलं, आणि खोडताना त्यांच्या मिशा हलत होत्या.

उरलं एक. रेडकू बरोब्बर साहेबांच्या खुर्चीमागं उभं होतं.

"याचा मालक?" साहेब म्हणाले. "मालकाची जागा रिकामी ठेवता येत नाही. मालक नसेल तर मला हे छावणीतून काढावं लागेल."

सगळं गाव लिंबाभोवती होतं. पारूबाई पेंढीवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं रोजच्याच आवाजात विचारलं, "कुणाचं हाय?"

 लिंबाभोवतीची माणसं आपापल्या पायांकडं बघत राहिली. पारूबाईच्या पदराला ती एकच गाठ होती. ही बाई वीस वर्षं ट्रकच्या टोळीतून ऊस तोडायला गेली होती. त्यांच्या दारात कधी दावं बांधलं गेलं नव्हतं, की पोळ्याला कुणाच्या शिंगांना रंग लागला नव्हता. दुसऱ्यांची चारशे तीस जनावरं तिला तोंडपाठ होती. शिवकन्येनं आईच्या हाताकडं बघितलं. तो हात दोन महिने या एका जनावराचं उत्तर येईल म्हणून थांबला होता.

"माझं," शिवकन्या म्हणाली.

"मोठ्यानं सांग," पारूबाई म्हणाली. तिच्यासाठी नियम सगळ्यांना एकच होता.

"माझं हाय!"

पेंढी पुढं सरकली. धर्मराजनं नवा बिल्ला मारला, यंत्राचा नेम धरला, टुंई वाजलं. शिवकन्येनं मालकाच्या जागी स्वतःचं नाव टंकलं आणि घाईघाईत एक अक्षर चुकलं. तिनं ते तेवढंच पुसलं आणि पुन्हा लिहिलं. पडद्यावर आलं: 'लिंबाखाली कुणी नाही.'

पारूबाईनं पदराची गाठ सोडली आणि पदर झटकला. मग घरी जाऊन दारात खुंटी कुठं ठोकायची यावरून नवरा-बायकोत जे भांडण लागलं, ते दिवे लागले तरी मिटलं नाही.